डोंगर पोखरून काढलेली माती

'डोंगर पोखरून उंदीर काढला' ही म्हण तुम्ही नेहमी ऐकता. पण खरोखरीच डोंगर पोखरला, तर आतून काय निघते? निघतात दगड, मुरूम आणि माती, आणि तीही किती! समजा, एका रेल्वे-बोगद्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ ७० चौरस मीटर आहे. असा बोगदा एक किलोमीटर खणला, तर ७०,००० घनमीटर माल बाहेर येईल. एका ट्रकमध्ये १० घनमीटर माल मावतो असे धरले, तर ७,००० फेऱ्या झाल्या. शिवाय खणलेला दगड सुटा झाला की फुगतो, म्हणजे फेऱ्या ह्याहून जास्तच होतील.

बोगद्यातून गाडी धावू लागली की सर्वजण बोगद्याचे कौतुक करतात. बाहेर काढलेल्या मातीचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. आज आपण तेच विचारणार आहोत.

जपानच्या उत्तरेला होक्काइदो नावाचे मोठे बेट आहे. तेथे शिन-हाकोदाते-होकुतो ह्या स्थानकापासून सप्पोरो शहरापर्यंत अतिजलद रेल्वेचा सुमारे २१२ किलोमीटर लांबीचा मार्ग बांधण्याचे काम २०१२ साली सुरू झाले. ह्या मार्गाचा सुमारे ८० टक्के भाग बोगद्यांतून जातो. ह्या बोगद्यांतून निघालेल्या मातीच्या काही भागात आर्सेनिक, शिसे, सेलेनियम, फ्लोरीन यांसारखी द्रव्ये आढळतात. ती कोणत्याही कारखान्याने तेथे टाकलेली नाहीत. ती खडकात मुळातच आहेत.

विष आले कोठून?

होक्काइदो हा ज्वालामुखींचा प्रदेश आहे. फार प्राचीन काळी जमिनीच्या पोटातील तप्त पाणी खडकांच्या भेगांतून वर चढले. त्यात विरघळलेली खनिजे भेगांत साठून राहिली. त्यांपैकी एक म्हणजे पायराइट. हे लोह आणि गंधक यांचे संयुग असते. ते सोन्यासारखे चमकते, म्हणून अनेकांना फसवते. पायराइटमध्ये थोडेसे आर्सेनिकही अडकलेले असते. जुन्या गोष्टींत सोमल नावाचे जे विष येते, ते ह्याच मूलद्रव्याचे एक संयुग होय. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेल्या चिखलापासून बनलेल्या खडकांतही असे पायराइट सापडते.

डोंगराच्या पोटात हे सर्व शांतपणे पडून असते. तेथे हवा जवळजवळ पोचत नाही आणि पाणीही फारसे खेळत नाही. मग सुरुंग लागतो आणि खडकाचा चुरा होऊन तो उघड्यावर येतो. त्याला हवा लागते आणि वरून पाऊस पडतो. हवेतील ऑक्सिजन व पाणी यांच्यामुळे पायराइटचे विघटन होते. त्यातून सल्फ्युरिक आम्ल व लोहाचा तांबूस गाळ तयार होतो आणि आत अडकलेले आर्सेनिक मोकळे होऊन पाण्यात उतरते. येथे नवे विष तयार झालेले नाही हे ध्यानात घ्या. फक्त कोंडलेल्या विषाचे दार उघडले गेले आहे.

असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर त्वचेवर काळे डाग पडतात, तळहात व तळपाय खरखरीत होतात आणि पुढे कर्करोगही होऊ शकतो. १९८३ साली पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकांच्या पाण्यामुळे आर्सेनिकची विषबाधा झालेले रुग्ण ओळखले गेले. तेथील आर्सेनिकही निसर्गातलेच होते. 'नैसर्गिक' म्हणजे 'निरुपद्रवी' नव्हे, हा पहिला धडा. बंगालकडे आपण पुढे पुन्हा येऊ.

किती आहे, की किती विरघळते?

एखाद्या मातीत आर्सेनिक किती आहे, एवढेच कळून भागत नाही. ग्लासभर पाण्यात काचेचा तुकडा टाका आणि दुसऱ्या ग्लासात तेवढाच मिठाचा खडा टाका. काच जशीच्या तशी राहते, मीठ मात्र नाहीसे होते. म्हणून खरा प्रश्न असा की, मातीतील किती विष पाण्यात विरघळून बाहेर येते?

ते मोजण्यासाठी जपानमध्ये १९९१ साली एक पद्धत ठरविण्यात आली. माती वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळतात. तिच्यात दहापट पाणी घालतात, म्हणजे १ किलोग्रॅम मातीला १० लिटर ह्या प्रमाणात. ते मिश्रण सहा तास हलवीत ठेवतात, मग अतिशय सूक्ष्म छिद्रांतून गाळतात आणि गाळलेल्या पाण्याची तपासणी करतात. त्यात दर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक निघाले, तर ती माती मर्यादेबाहेरची ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली मर्यादाही हीच आहे.

०.०१ मिलिग्रॅम म्हणजे किती? दहा कोटी भागांत एक भाग. १०,००० लिटरचा पाण्याचा टँकर घ्या आणि त्यात दोन थेंब टाका. प्रमाण साधारण तेवढेच होईल!

जपानमध्ये मृदाप्रदूषणाचा कायदा २००२ साली झाला. त्यात सुधारणा झाल्यावर २०१० पासून निसर्गतः दूषित असलेली मातीही त्याच्या कक्षेत आली. त्यामुळे बोगदे खणणाऱ्यांना आपल्या मालाची अधिक काटेकोर तपासणी करणे भाग पडले.

दोन वाटा

आता ही माती ठेवायची कशी? एक वाट म्हणजे ती गुंडाळून ठेवणे. खाली व वर पाणी न शिरणारे जाड प्लॅस्टिकचे पत्रे घालायचे आणि पाण्याचा संबंधच तोडायचा. हा उपाय चांगला आहे, पण लक्षावधी घनमीटर मातीला तो फार खर्चाचा पडतो. शिवाय पत्रा कोठे फाटला किंवा सांधा उसवला, तर नेमक्या त्या जागेतून पाणी निसटते.

दुसरी वाट थोडी वेगळी आहे. पाण्याला अडवायचेच नाही. पाऊस मातीतून खाली झिरपू द्यायचा, पण वाटेत एक जकात नाका बसवायचा! ढिगाच्या खाली तीस-चाळीस सेंटिमीटर जाडीचा एक थर आधीच पसरून ठेवतात. त्यात साधी माती किंवा वाळू असते आणि तिच्यात आर्सेनिकला धरून ठेवणारे एखादे द्रव्य मिसळलेले असते. पाणी ह्या थरातून पार होते, आर्सेनिक मागे राहते. ह्या मागे राहण्याच्या क्रियेला पृष्ठशोषण किंवा अधिशोषण असे म्हणतात.

पृष्ठशोषण म्हणजे काय?

स्पंज पाणी पोटात घेतो, ते झाले शोषण. पृष्ठशोषण निराळे. पावसाळ्यानंतर माळरानावरून चालत गेलात, तर कपड्यांना कुसळे चिकटतात. ती कापडाच्या आत मुरत नाहीत, पृष्ठभागाला धरून बसतात. कापड जितके जास्त, तितकी कुसळे जास्त. आणि कापड कुसळांनी भरून गेले, की नव्या कुसळाला जागा उरत नाही. ह्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पृष्ठशोषणाचे निम्मे शास्त्र त्यांत आले.

आता 'कापड' वाढवायचे कसे? एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे तुकडे करीत करीत प्रत्येक बाजू एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकी केली, तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. बाजू आणखी शंभरपट लहान केली, तर तो ६०० चौरस मीटर होतो, म्हणजे कबड्डीची जवळजवळ साडेचार मैदाने! पदार्थ तेवढाच, पण धरून ठेवण्याची जागा दहा लाख पटींनी वाढली. म्हणूनच पृष्ठशोषक द्रव्ये अतिसूक्ष्म कणांची किंवा अतिसूक्ष्म छिद्रांची असतात.

पण नुसती जागा असून उपयोग नाही, पकड जमली पाहिजे. आर्सेनिक पाण्यात बहुधा ऑक्सिजनच्या जोडीने, ऋण विद्युत् भार असलेल्या गटाच्या रूपात असते. लोखंडाच्या गंजासारख्या पदार्थांच्या, म्हणजे लोहाच्या ऑक्साइड-हायड्रॉक्साइडांच्या पृष्ठभागावर साध्या पाण्यात धन भार असतो. म्हणून आर्सेनिकचा गट तिकडे ओढला जातो आणि लोहाशी रासायनिक बंधही जोडतो. मॅग्नेशियमची काही संयुगेही ह्या कामी वापरतात. शिशाचे आयन धन भाराचे असतात. त्यांना धरण्यासाठी ऋण भाराचे झिओलाइट हे खनिज चालते. रंग, वास अशा सेंद्रिय द्रव्यांना सक्रियित कोळसा चांगला पकडतो. जशी कुलपाला किल्ली, तसे प्रत्येक दूषकाला त्याचे पृष्ठशोषक शोधावे लागते.

आपल्या कोकणातला जांभा दगड तुम्ही पाहिला असेल. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. जांभ्याच्या जातीच्या दगडाचा आर्सेनिक पकडण्यासाठी कसा उपयोग होईल, यावर भारतातही संशोधन झाले आहे.

मातीच्या ह्या गुणाचा शोध तसा जुना आहे. एच. एस. थॉम्पसन व जे. टी. वे ह्या दोन इंग्रज संशोधकांनी १८५० साली मातीतून खताचे द्रावण गाळून पाहिले. त्यातील अमोनिया मातीने धरून ठेवला आणि बदल्यात कॅल्शियम सोडून दिले. शेतातले खत पहिल्याच पावसात वाहून का जात नाही, याचे एक कारण त्यातून कळले. खत धरून ठेवणारा हाच गुण आज विष धरून ठेवण्यासाठी वापरला जात आहे.

थर किती वर्षे पुरेल?

आता वही-पेन्सिल घ्या. पुढील आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

समजा, मातीचा ढीग ५ मीटर उंच आहे. त्याच्या १ चौरस मीटर तळावर ५ घनमीटर माती उभी आहे. एका घनमीटरचे वजन १.८ टन धरले, तर ती ९,००० किलोग्रॅम झाली. वरील चाचणीत पाण्यात दर लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. एका किलोग्रॅम मातीला १० लिटर पाणी होते, म्हणून प्रत्येक किलोग्रॅममधून ०.३ मिलिग्रॅम निघाले. तेव्हा ९,००० किलोग्रॅममधून निघणार २,७०० मिलिग्रॅम. तीन ग्रॅमसुद्धा नाही!

सप्पोरोला वर्षाकाठी पाऊस व बर्फ मिळून सुमारे १,१०० मिलिमीटर पाणी पडते. त्यातील ५०० मिलिमीटर ढिगातून झिरपते असे समजू. म्हणजे १ चौरस मीटरमधून वर्षाला ५०० लिटर. दर लिटरला ०.०३ प्रमाणे वर्षाला १५ मिलिग्रॅम आर्सेनिक खाली येईल. २,७०० भागिले १५ म्हणजे १८०. हा ढीग १८० वर्षे पाझरत राहील.

आता खालचा थर पाहू. जाडी ३० सेंटिमीटर, म्हणून १ चौरस मीटरखाली ०.३ घनमीटर. एका घनमीटरला १.६ टन धरून त्याचे वजन ४८० किलोग्रॅम. प्रयोगशाळेत असे आढळले की, पाण्यात दर लिटरला जेवढे आर्सेनिक असते, त्याच्या १०० पट ह्या थराचा प्रत्येक किलोग्रॅम धरून ठेवतो. म्हणजे ०.०३ च्या पाण्यातून किलोग्रॅमला ३ मिलिग्रॅम. एकूण ४८० गुणिले ३, म्हणजे १,४४० मिलिग्रॅम. वर्षाला १५ प्रमाणे हा थर ९६ वर्षांत भरेल.

ह्या थरातील पोकळीत सुमारे १२० लिटर पाणी मावते. वर्षाला ५०० लिटर ह्या वेगाने पाणी स्वतः तीन महिन्यांच्या आत थर ओलांडते. पाण्याला तीन महिने आणि त्यातल्या आर्सेनिकला ९६ वर्षे! जकात नाक्याची ही करामत.

पण थांबा. ढीग पाझरणार १८० वर्षे आणि थर पुरणार ९६ वर्षे. म्हणजे आपला आराखडा चुकला. थर ६० सेंटिमीटरचा केला तर त्यात २,८८० मिलिग्रॅम मावेल आणि हिशेब जेमतेम जुळेल. कोणी म्हणेल, ढिगावर चिकणमाती घालून गवत लावू, म्हणजे निम्मेच पाणी झिरपेल. तसे केले तर थर १९२ वर्षे टिकेल हे खरे, पण ढीगही ३६० वर्षे पाझरेल! वेग कमी झाला, एकूण बेरीज तीच राहिली. वेळ मिळविणे आणि प्रश्न सोडविणे यांतला फरक असा आकड्यांतून दिसतो.

कोठे चुकू शकते?

प्रत्यक्षात गोष्टी इतक्या सरळ नसतात. बोगद्याच्या भिंतींवर फवारलेल्या काँक्रीटचे तुकडे मातीत मिसळलेले असतात. त्यामुळे पाणी अल्कधर्मी झाले, तर लोहाच्या ऑक्साइडाचा पृष्ठभाग ऋण भाराचा होतो आणि आर्सेनिकला जवळ करण्याऐवजी दूर लोटतो. पाण्यात फॉस्फेट असेल, तर ते आर्सेनिकची जागा बळकावते. थर नीट दाबला नसेल, तर पाणी एकाच फटीतून धावते आणि बाकीचा थर कोरडाच राहतो. पुढे वरून स्वच्छ पाणी येऊ लागले, तर चिकटलेले थोडे थोडे सुटूनही येते.

आता बंगालकडे वळू. तेथील त्रिभुज प्रदेशातील गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचा लेप असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेले असते. म्हणजे निसर्गानेच घातलेला तो पृष्ठशोषक थर होता. पण गाळाबरोबर पालापाचोळाही गाडला गेला. तो कुजविताना सूक्ष्मजीवांनी तेथला ऑक्सिजन संपविला. मग त्यांनी लोहाच्या ऑक्साइडांवर ताव मारला. लेप विरघळला आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक भूजलात उतरले. हा अनुभव जमेस धरून, बोगद्याच्या मातीचा थर घालताना त्यात पालापाचोळा व कचरा मिसळू न देणे आणि पाणी तुंबू न देणे महत्त्वाचे ठरते.

म्हणून पृष्ठशोषणाने विष नाहीसे होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. ते एका जागी धरून ठेवले जाते, तेही परिस्थिती अनुकूल असेल तोवरच. ह्यासाठी ढिगाच्या उतारावर निरीक्षण-विहिरी घेऊन त्यांतील पाणी वर्षानुवर्षे तपासावे लागते.

सप्पोरो शहरात अशी माती कोठे ठेवायची हा प्रश्न निघाला, तेव्हा सुचविलेल्या जागांजवळच्या रहिवाशांनी विरोध केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आपण आताच केलेला हिशेब आठवा. थर आज घातला जातो आणि त्याचे काम आपल्या पणतवंडांच्या काळापर्यंत चालायचे असते. तेव्हा 'हे सुरक्षित आहे का?' एवढे विचारून भागत नाही. 'किती वर्षे? कोणत्या परिस्थितीत? आणि तोवर पाणी कोण तपासणार?' असे विचारावे लागते. हे प्रश्न विचारणारा नागरिक विज्ञानाच्या आड येत नाही, तो विज्ञानाच्याच रीतीने विचार करीत असतो.

करून पाहा

प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. मोठ्या माणसांच्या मदतीने त्यांचे तळ कापा. झाकणांना बारीक भोके पाडा, मानेत कापूस बसवा आणि बाटल्या उलट्या टांगा. पहिल्या बाटलीत धुतलेल्या वाळूचा १० सेंटिमीटर थर भरा. दुसरीत ५ सेंटिमीटर वाळू, त्यावर ३ सेंटिमीटर वाळू व लाकडी कोळशाची बारीक पूड यांचे मिश्रण आणि वर पुन्हा २ सेंटिमीटर वाळू भरा. कोळसा ओला करून कुटा, म्हणजे धूळ नाकात जाणार नाही.

दोन्ही बाटल्यांतून खालचे पाणी स्वच्छ येईपर्यंत साधे पाणी सोडा. मग एक लिटर पाण्यात निळ्या शाईचे दहा थेंब टाकून ते पाणी छोट्या वाटीने सावकाश ओता. खाली येणारी प्रत्येक वाटी पांढऱ्या कागदावर ओळीने मांडा. कोणत्या बाटलीतून निळा रंग आधी उतरतो? कितव्या वाटीला? दुसऱ्या बाटलीतून लगेच रंग आला, तर पूड आणखी बारीक करा आणि पाणी आणखी हळू सोडा.

विचार करा

१. कोळशाचा थर दुप्पट केला, तर वाट्यांची संख्या दुप्पट होते का?

२. शेवटी साधे पाणी ओतत राहिलात, तर पकडलेली शाई परत सुटते का? त्यावरून मातीच्या ढिगाबद्दल काय अनुमान काढाल?

३. वरील हिशेबात थराचा प्रत्येक किलोग्रॅम १०० पटीऐवजी २५० पट आर्सेनिक धरतो असे मानले, तर ३० सेंटिमीटरचा थर किती वर्षे पुरेल? तो ढिगाच्या १८० वर्षांना पुरेसा आहे का?

४. तुमच्या गावाजवळ विहीर, रस्ता किंवा कालवा खणताना निघालेली माती कोठे टाकली आहे? तिच्यावरून वाहिलेले पावसाचे पाणी पुढे कोठे जाते, हे स्वतः चालत जाऊन पाहा आणि त्याचा नकाशा काढा.